गरम हवेचा पाइप

प्रितमचा दुसरा दात पडला तेव्हा नवनाथ बॉनेटखाली डोकं खुपसून उभा होता. आधी भिमाजीच्या बुक्कीचा आवाज आला, मग प्रितम खोकला, आणि रक्ताच्या गुळणीबरोबर दात फरशीवर पडला. नवनाथनं मान वर केली.

"तू गाडी बघ," गणराज म्हणाला. "तिकडं बघायला तुला बोलावलं न्हाई."

याला बोलावणं म्हणायचं असेल तर म्हणा. भोसरीत गॅरेजचं शटर अर्धं वर झालं होतं, टपरीवरचा चहा अजून यायचा होता, तेवढ्यात दोघांनी नवनाथच्या काखेत हात घालून त्याला काळ्या गाडीत टाकलं आणि महाळुंग्याच्या भंगाराच्या शेडमध्ये आणून उतरवलं. नवनाथ मूळचा बीडकडचा, तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाला घालूनपाडून बोलल्याशिवाय त्याचा हात पान्याला लागत नसे. त्या सकाळी मात्र त्याची दातखीळ बसली होती.

शेड गणराजची, आणि भिमाजी त्याचा उजवा हात. चाकणच्या कंपन्यांतून निघणारं भंगार उचलायचा ठेका कुरुळीच्या या घराकडे होता आणि तो हिसकावायला टपलेली दुसरी टोळीही इथलीच होती. लोखंडाच्या चुऱ्यासाठी काय माणसं मारायची असतात, असं ज्याला वाटत असेल त्यानं या पट्ट्यात एक महिना राहून बघावं. गेल्या शनिवारी गणराजचा धाकटा भाऊ दिग्विजय असाच मेला.

घरच्या काळ्या गाड्या सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. म्हणून तांबडं फुटायच्या आत दिग्विजय वडलांची, उद्धवरावांची, जुनी पांढरी मारुती घेऊन निघाला. चालवायला प्रितम. भामा नदीच्या वळणावर गाडी खोकली, गचके खाऊ लागली आणि बंद पडली. मागून दोन मोटारसायकली आल्या. दिग्विजयला ओढून काढला आणि रस्त्यावरच तोडला. प्रितमच्या खांद्यावर एक कोयता बसला आणि तो उसात घुसला. गणराजची माणसं पोचेपर्यंत धाकटा गार पडला होता. गाडीला चावी लावली तर ती पहिल्या झटक्यात चालू झाली.

त्या झटक्यात प्रितमचा निकाल लागला. धडधाकट गाडी थांबली कशी? थांबवली म्हणून. खांद्यावरचा वार? दाखवायला मारून घेतला. प्रितम भोसरीच्या कामगार वस्तीतला, किसन फिटरचा मुलगा. भावकीतला असता तर त्याला आधी विचारलं असतं आणि मग मारलं असतं. पोलिसांच्या कागदात या गाडीचा उल्लेखच नव्हता, कागदावर दिग्विजय सकाळी पायी फिरायला निघाला होता. ड्रायव्हरचं काय करायचं ते घरच्या घरी बघू, असं गणराजनं चितेपाशीच ठरवलं होतं.

"दाबायच्या आधी एकदा खातरी करून घ्यावी म्हणलं," गणराज नवनाथला म्हणाला. आवाज अगदी शांत. "ही गाडी तुझ्या हातातली. सांग, हाय का काय बिघाड?"

दाबायच्या, म्हणजे कशात ते विचारायची गरज नव्हती. शेडच्या टोकाला भंगार दाबायचा प्रेस उभा होता. पत्रे, डबे, जुन्या कपाटांची दारं त्यात टाकायची आणि खालून चौकोनी ठोकळे बाहेर काढायचे. त्याचं झाकण आज उघडं होतं आणि मोटर गरम करून ठेवली होती.

नवनाथनं पेट्रोलची नळी काढून बघितली, पंप बघितला, प्लग काढून पुसले. काम जन्माचं असल्यामुळे हात आपोआप चालत होते. प्रितमकडे बघायचं नाही असं ठरवूनही डोळे जात होतेच. पोराला वजनकाट्याच्या लोखंडी खांबाला बांधलं होतं. हाच पोरगा नवनाथच्या शिव्या खाऊन गाडी शिकला होता. गिऱ्हाइकाच्या गाड्या ट्रायलला न्यायच्या तेव्हा 'मामा, मी येऊ?' म्हणून आधीच सीटवर बसलेला असायचा. त्याची आई सरूबाई रविवारपासून गल्लीत दिसेल त्याला विचारत होती, माझं लेकरू कुणी बघितलं का.

"पेट्रोल येतंय," नवनाथ म्हणाला. "करंट येतोय. काही बिघाड दिसंना."

चुकलंच. खरं तेच बोलला होता, पण काय बोललो ते त्याला भिमाजीनं लोखंडी नळी उचलल्यावर कळलं. पहिला फटका प्रितमच्या मांडीवर बसला, दुसरा पोटरीवर. प्रितम ओरडला नाही, त्याच्या नाकातून नुसता वारा निघाला. "मामा," तो म्हणाला, "मी नाय थांबवली. आईची शपथ."

नवनाथनं घाईघाईनं पुन्हा बॉनेटखाली मान घातली, आणि तिथं त्याला ते दिसलं. म्हणजे नसलेलं दिसलं. एअर फिल्टरच्या नळकांड्याच्या खालचं तोंड उघडं होतं. तिथं एक पाइप असायला हवा होता.

हा पाइप म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, चुण्याचुण्यांचा. एक टोक सायलेन्सरच्या गरम नळ्यांवरच्या पत्र्याच्या टोपणाला, दुसरं एअर फिल्टरला. इंजिन गार असताना आणि हवा थंड असताना त्यानं कार्ब्युरेटरला गरम हवा पाजायची, एवढंच त्याचं काम. गाडी बनवणाऱ्यांनी विचार करून दिलेला. आणि आमच्याकडचे मेकॅनिक काय करतात? पहिल्या सर्व्हिसिंगला काढून फेकतात! आपल्याकडं कुठं काश्मीर लागून गेलंय, म्हणतात. कुणी कुणाला शिकवलं देव जाणे, पण निगडीपासून चाकणपर्यंत हे शहाणपण प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं आहे. गाडी वर्षभर छान चालते. थंडीत एखाद्या दिवशी, नदीकाठच्या धुक्यात, थोडी गचकते. मग पेट्रोलमध्ये पाणी आहे म्हणायचं आणि पंपवाल्याला शिव्या घालायच्या.

या गाडीचा पाइप मात्र उद्धवरावांनी, घरच्यांच्या आबांनी, वर्षानुवर्षं जपला होता. तो काढला गेल्या खंडेनवमीला. कुरुळीच्या वाड्यासमोर गाड्या, काटे, प्रेसच्या चाव्या, कोयतेसुद्धा धुऊन ओळीनं मांडले होते. झेंडूचे हार आले होते. मारुतीचं बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचं होतं, फोटो काढायचा होता. गणराजनं आत बघितलं आणि नाक मुरडलं. "ह्यो काळा बोळा कशाला रे? काढ तो. इंजिन कसं मोकळं दिसाय पायजे." नवनाथनंही आढेवेढे घेतले नाहीत. "काढतो की दादा, तसाबी बिनकामाचा हाय," म्हणाला आणि एका हिसक्यात उपटून कचऱ्यात टाकला. वर दोन पेढे खाल्ले.

ते पेढे आता त्याच्या घशाशी आले. बोललो नाही तर प्रितम प्रेसमध्ये जाणार. बोललो तर पाइप कुणी काढला हा प्रश्न आज ना उद्या येणार, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तर गणराजला त्याच्याच तोंडावर सांगायचं, की तुझ्या फोटोपायी तुझा भाऊ गेला. असं ऐकून घेणारा माणूस तो नव्हता. मग आपण दोघंही प्रेसमध्ये. नवनाथला घरी बायको होती, विमलबाई, लेक होती बारावीला. त्यानं पान्यावरची मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली.

भिमाजीनं दोर सोडून प्रितमला प्रेसकडे ओढायला सुरुवात केली. पोराच्या टाचा फरशीवर घासत होत्या.

"थांबा!" नवनाथ ओरडला. एवढ्या मोठ्यानं की तो स्वतःच दचकला. "बंद पडती ही गाडी. खरंच पडती. चला, दाखवतो. आत्ता धुकं हाय तोवर."

गणराजनं बोट वर केलं. भिमाजी थांबला.

नवनाथ चालवायला, शेजारी गणराज, मागं प्रितम आणि त्याच्या मानेला कोयता लावून भिमाजी. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि भिमाजी हसला. कंपन्यांच्या बस पहिल्या शिफ्टची माणसं टाकून रिकाम्या परतत होत्या. नदीकडच्या रस्त्याला लागल्यावर धुकं इतकं दाट झालं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. काच आतून ओली झाली. नवनाथ मनातल्या मनात त्या गाडीच्या पाया पडत होता. उभ्या आयुष्यात त्यानं गाड्या चालू व्हाव्यात म्हणून नवस केले होते, बंद पडावी म्हणून पहिल्यांदाच करत होता.

वळणाच्या जरा अलीकडे इंजिन खोकलं. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ लागेना. दोन गचके, तिसरा, आणि वळणावर येऊन गाडी गप झाली.

"ह्यानं पाय काढला!" भिमाजीनं मागूनच नवनाथच्या कानशिलावर कोयत्याची मूठ हाणली. नवनाथच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात शिट्टी वाजू लागली. भिमाजीनं त्याला कॉलर धरून बाहेर फेकला, पोटात लाथ घातली आणि स्वतः चावी फिरवत बसला. स्टार्टर कण्हत राहिला. गाडी चालू झाली नाही.

नवनाथ गुडघ्यावर रांगत पुढे गेला. बॉनेट उघडलं, फिल्टरचं झाकण काढलं. "दादा, हिकडं या. बोट घाला हितं."

गणराजनं कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घातलं आणि झटकन मागं घेतलं. पुन्हा घातलं. आतून पांढरा थर धरला होता. त्यानं नखानं खरवडला. बोटावर बर्फ आला आणि तिथंच वितळला.

"बरफ?" गणराज म्हणाला. "चालत्या इंजिनात?"

"पेट्रोल उडताना गारवा धरतंय दादा. हातावर पडलं की कसं गार लागतं? तसं. वर ही ओली हवा. त्याचा बर्फ हुतो आन् इंजिनाचा गळा आवळतो. घटकाभर थांबलं की खालच्या उष्णतेनं वितळतो. मग गाडी चालू. तुमची माणसं आली तवा चालू झाली ती यामुळंच. पोरानं काहीबी केलं न्हाई."

प्रितम मागच्या सीटवर रडू लागला. ऊस धुक्यात टपटप गळत होता. गणराज ज्या जागी उभा होता तिथं रस्त्यावर दिग्विजयच्या रक्ताचा डाग अजून होता, आणि गणराजचं तिकडेही लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं भिमाजीनं चावी फिरवली. गाडी चालू झाली.

पटण्यासारखं होतं. पण भिमाजी पटवून घेणाऱ्यांतला नव्हता. "दादा, ह्यो लई हुशार हाय. यानंच मगाशी काय तरी कालवलं आसंल. दोघं एकाच गल्लीतली."

"यावर इलाज काय?" गणराजनं नवनाथला विचारलं.

"गरम हवेचा पाइप लावायचा. मग बर्फ धरत न्हाई."

"लाव. उद्या ह्याच टायमाला ह्याच रस्त्यानं जाऊ. पडली बंद तर दोघंबी दाबतो."

शेडमधल्या ढिगातून नवनाथनं पाइप हुडकून काढला. कुठल्याशा कंपनीतल्या यंत्राचा, चंदेरी, चुण्यांचा, एका बाजूनं चेपलेला. नवा आणायला कुणी सोडणार नव्हतं. त्यानं कात्रीनं मापाचा कापला. सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या टोपणाचं तोंड चेपून बंद झालं होतं, ते हातोडीनं ठोकून गोल केलं. इंजिन नुकतंच फिरून आलेलं, बोटांची कातडी पत्र्याला चिकटून निघाली, पण थांबायची सोय नव्हती, भिमाजी पाठीशी उभा होता आणि हात थांबला की नळीनं कमरेत ढोसत होता. फिल्टरच्या नळकांड्यावर उन्हाळा-हिवाळ्याचा छोटा खटका असतो. तो गंजून उन्हाळ्यावर अडकला होता. नवनाथनं तेल सोडून, पक्कडीत धरून तो हिवाळ्यावर आणला. वरचं टोक क्लँपनं आवळलं, खालच्या टोकाला क्लँप मिळेना म्हणून बांधकामाची तार गुंडाळून पिळली.

गणराज पालथ्या पिंपावर बसून हे सगळं बघत होता. पाइप जागेवर बसला तशी त्याची नजर त्याच्यावर खिळली. बराच वेळ खिळली. मग ती हळूहळू वर आली आणि नवनाथच्या नजरेला भिडली. गणराजला आठवलं होतं. गणराज उठला आणि शेडच्या बाहेर निघून गेला.

त्या दोघांना वजनकाट्याच्या केबिनमध्ये कोंडलं. प्रितमला धड बसता येत नव्हतं. नवनाथनं आपला शर्ट फाडून त्याच्या खांद्याची चिंधी बदलली आणि भाजल्या बोटांनी त्याला पाणी पाजलं.

"मामा," प्रितम म्हणाला, "तुम्ही नसता आलात तर आज माझा ठोकळा झाला असता." मग जरा वेळानं, "पण तो पाइप कुणी काढला असेल ओ? साल्यानं माझा जीव घेतला असता."

"आसंल कुणीतरी," नवनाथ म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी थंडी जास्त होती. तोंडातून वाफ निघत होती. या वेळी भिमाजी चालवायला बसला, म्हणजे कुणाच्या पायाबद्दल शंका नको. नवनाथ आणि प्रितम मागं, एकमेकांच्या मनगटाला बांधलेले. वळण आलं. प्रितमनं डोळे मिटले. इंजिनाचा आवाज बदलला नाही. वळण मागं पडलं, पूल आला, पुलापलीकडचा चढ आला. भिमाजीनं मुद्दाम हळू चालवली, थांबवली, पुन्हा उचलली. गाडी कुठंही अडली नाही. तीच गाडी, तेच धुकं, तोच रस्ता. परत शेडमध्ये येईपर्यंत भिमाजीचं तोंड पडलं होतं.

"सोड त्याला," गणराज म्हणाला.

दोर कापले. प्रितम खाली बसला आणि आपले मोकळे हात उलटेपालटे करून बघत राहिला. इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण भिमाजीच्या मुठी अजून शिवशिवत होत्या, आणि दोन दिवस चुकीच्या माणसाला बडवल्याची चीड कुठेतरी काढायला हवी होती.

"मग पाइप काढला कुणी?" त्यानं विचारलं.

प्रितमनंही मान वर केली. नवनाथनं गणराजकडे बघितलं. गणराजचा चेहरा दगडाचा होता. खरं बोललो तर काय होईल ते नवनाथला स्वच्छ दिसत होतं. या माणसांसमोर, या जागी, गणराज ते ऐकून घेणार नाही. खोटं पाडेल, आणि खोटं पाडायचं म्हणजे दोघांना संपवायचं. फाटक अजून बंद होतं आणि पोरगं अजून फाटकाच्या आत होतं.

"म्या काढला," नवनाथ म्हणाला.

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"कुणाच्याच न्हाई. आपल्या मनानं. आमी समदेच काढतो."

गणराजनं श्वास सोडला. तो गाडीपाशी गेला, डिकीतून चाक खोलायची टॉमी काढली आणि प्रितमपुढे धरली. हातभर लांबीची लोखंडी पहार, टोकाला वाकडी. "दिगू ह्याच्यापायी गेला. तुझे हाल ह्याच्यापायी झाले. काय ते तुझं तू बघ, आन् घरला जा."

नवनाथला वाटलं, पोरगं टॉमी टाकून देईल. मनापासून वाटलं. प्रितम खांबाला धरून उठला आणि त्यानं टॉमी घेतली. दात पडलेल्या तोंडानं तो काहीतरी बोलत होता, शब्द नीट उमटत नव्हते. "तुम्ही... काल रात्री... मी विचारलं तुम्हाला." भिमाजीनं नवनाथचा उजवा हात ओढून गाडीच्या बंपरवर दाबून धरला.

पहिला घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज नवनाथनं स्वतः ऐकला आणि मग कळ आली. तो गुरासारखा ओरडला. दुसरा घाव बोटांवर आला, तिसरा पुन्हा बोटांवर. प्रितम रडत होता आणि मारत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग होता तो अगदी खरा होता, कुणी भरवलेला नव्हता. नवनाथला तो राग कळत होता, हेच सगळ्यात वाईट. चौथ्यांदा टॉमी उचलताना प्रितमचा खांदा उसवला, रक्त शर्टावर आलं आणि टॉमी हातातून गळून पडली.

फाटक उघडलं. प्रितम भिंतीचा आधार घेत, पाय ओढत बाहेर पडला. मागं वळून त्यानं बघितलं नाही. नवनाथ जमिनीवर आडवा पडून फाटकाच्या फटीतून तो रस्त्याला लागेपर्यंत बघत होता. एक शेअर रिक्षा थांबली, कुणीतरी त्याला वर ओढून घेतलं. गेलं पोरगं, जिवंत गेलं. नवनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, हातामुळे का आणखी कशामुळे ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तुला वाचवायला मी हे केलं, असं तो या जन्मात त्याला सांगू शकणार नव्हता.

"पाणी आण," गणराज भिमाजीला म्हणाला, आणि बाकीच्यांना हातानंच बाहेर घालवलं.

शेडमध्ये दोघंच उरले. गणराज नवनाथच्या डोक्याशी उकिडवा बसला. इतक्या जवळून त्याचे डोळे लाल दिसत होते, तीन-चार दिवस न झोपलेल्या माणसाचे. त्यानं नवनाथच्या चेंदामेंदा झालेल्या हाताकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"नवनाथ," तो अगदी हळू म्हणाला. लहान पोरानं विचारावं तसा आवाज होता. "खंडेनवमीला, म्या पाइप काढाय लावला तवा... दिगू व्हता का रे तिथं? त्यानं आयकलं का?"

दिग्विजय त्या दिवशी तिथं नव्हताच. तो मित्रांबरोबर जेजुरीला गेला होता. नवनाथला हे पक्कं आठवत होतं, कारण मागं राहिलेल्या त्याच्या मोटारसायकलला हार नवनाथनंच घातला होता. नव्हता, एवढा एक शब्द बोलला असता तर गणराजला रात्री डोळा लागला असता. कदाचित त्यानं स्वतः गाडीत घालून नवनाथला दवाखान्यात नेलं असतं.

नवनाथनं आपल्या हाताकडे बघितलं. त्या हातात पुन्हा पाना धरता येणार नव्हता. बोटं कुठल्या कुठं वळली होती. पायापासून डोक्यापर्यंत त्याला संताप चढला, प्रितमचा नाही, भिमाजीचाही नाही.

"व्हता की," तो म्हणाला. "माझ्या बाजूलाच उभा होता. म्हणला, दादा, राहू दे तो पाइप, आबांनी कधी काढला न्हाई. तुमी म्हणलात, तुला काय कळतंय, गप बस."

गणराजचं तोंड उघडं पडलं. तो मागच्या मागं फरशीवर बसला, तेलाच्या डागांत, पाय पसरून, आणि दोन्ही हातांनी आपल्या कानशिलांवर मारून घेऊ लागला, थांबेचना. त्याच्या तोंडून जो आवाज निघत होता तो ऐकून फाटकाबाहेरची माणसं आत धावली.

भिमाजी तांब्या घेऊन आला. दोघंही जमिनीवर होते. पाणी आधी कुणाला द्यावं ते त्याला कळेना.